स्वस्त गोळ्यांचा मालक

संतपूरच्या व्यंकट बिरादारने सरकारी योजनेतून स्वस्त औषधांचं दुकान मिळवलं आणि त्याच औषधांची निंदा सुरू केली. शेजारचं महाग औषधांचं दुकान त्याच्याच मुलाचं. असल्या माणसाला गाव प्रतिष्ठित म्हणतं.

परवा कलाबाई बीपीच्या गोळ्या मागायला आली. महागाच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून ती एक दिवसाआड खायची आणि चक्कर येऊन पडायची.

"अक्का, ह्यात दम न्हाई, शेजारी जावा," असं म्हणत व्यंकटने सवयीने स्वतःची बीपीची गोळी पाकिटातून फोडून तोंडात टाकली.

"तुमी कुठली घ्यायलाव, अण्णा?"

पाकीट समोरच पडलं होतं, त्याच्याच फळीवरचं, स्वस्तातलं.

"बिनदमाच्याच द्या मला बी," कलाबाई म्हणाली.

त्याने दिल्या, पण तोंड वाकडं करून.