थांबला तो पटला

आमच्या धंद्यात भाव बोलून ठरत नाही, पाठ फिरवून ठरतो. कंपन्यांतून रिकामे झालेले प्लास्टिकचे ड्रम मी रोह्याच्या एका गोदामवाल्याकडून उचलतो आणि पेणला विकतो. आपला शेवटचा आकडा सांगायचा, उठायचं आणि फाटकाकडे चालू लागायचं. मागे वळायचं नाही. फाटक ओलांडायच्या आत हाक येतेच. मधेच थांबलात, तर समोरच्याचा भाव तुम्हाला पटला असं धरतात.

याच चालीवर मी शून्यातून उभा राहिलो. आणि दोन वर्षं तेवढंच मला जमेना. अर्ध्या वाटेत उजवी पोटरी दगडासारखी व्हायची. उभं राहावंच लागायचं.

"थांबलात नाय शेट? पटला म्हनायचा!" गोदामवाला मागून हसायचा. मी शिव्या घालायचो आणि माल त्याच्या भावाने उचलायचो.

पेणच्या एका डॉक्टरने कमरेचा फोटो काढून शीर दबल्याचं सांगितलं. दुसऱ्याने तंबाखू सोडा म्हटलं. मी सुपारीसुद्धा खात नाही! बायको रोज सांगायची, "अवो, ह्यो एकच पाय गार हाय." तिचं कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी आधी मोजा काढायला लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा एखाद्या डॉक्टरने त्या पावलाला हात लावला. गुडघा वाकवला की पावलावरची नाडी लागायची, सरळ केला की जायची. मग त्यांनी गुडघ्यामागे चाचपलं. तिथे लहानपणापासून एक टणक टेंगूळ होतं. गोण्या उचलून आलंय, असं आई म्हणायची.

"हे वाढलेलं हाड आहे. रक्तवाहिनी दाबतंय," बाई म्हणाल्या. "क्वचित होतं असं."

ऑपरेशन करून हाड छाटलं, चेपलेली वाहिनी दुरुस्त केली. चार महिन्यांनी मी रोह्याला गेलो. आकडा टाकला, उठलो. अर्ध्या वाटेवर श्वास रोखला. पोटरी धरली नाही. हाकही आली नाही. गोदामवाला माझ्या थांबण्याची वाट बघत बसला होता. मी फाटक ओलांडून रिक्षात बसलो.

वाटेत निडी गावाच्या पुढे गोदामवाल्याचा फोन वाजला.

"शेट, थांबला नाय तुमी!"

"नाय."

तो भाव उतरवत राहिला. मी चप्पल काढून पाऊल चाचपलं. दुसऱ्या पावलाइतकंच गरम होतं. त्या आनंदात भावासाठी भांडायचं मनातच येईना.

"उद्या बोलू," म्हटलं.