ठिपके कोणत्या गालावर

नातवंडांनो,

गेल्या रविवारी तुमच्यातल्या धाकटीने मला विचारलं, "आजी, मी आरशात बरी दिसते, मग फोटोत अशी का?" आणि मग वाढदिवसाच्या फोटोंतून स्वतःला कापून उरलेले फोटो तिने मला पाठवले. केक होता, तुम्ही दोघे होता आणि तिच्या जागी खांद्याचा एक तुकडा होता. त्या तुकड्यामुळे मी हे लिहायला बसले. मोतीबिंदू काढल्यापासून डोळे चांगले चालतात, तेव्हा आत्ताच लिहून टाकते. तुम्हाला इंग्रजी सोपं गेलं असतं हे मला ठाऊक आहे. आयुष्यभर मी तेच शिकवलं. पण यातली माणसं जे बोलली ते इंग्रजीत उतरत नाही. अडेल तिथे आईला विचारा.

आधी सरळ उत्तर. कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. एक भुवई जरा वर असते, हसताना एका बाजूचा ओठ जास्त ओढला जातो, भांग एकीकडे असतो. आरसा आपली डावी बाजू डावीकडेच दाखवतो. समोर उभ्या माणसाला ती त्याच्या उजवीकडे दिसते, आणि फोटोतही तशीच येते. आपण जन्मभर आरशातलाच चेहरा पाहतो. फोटोत तो फिरलेला दिसला की काहीतरी बिघडलंय असं वाटतं, पण काय ते सांगता येत नाही. बाकी सगळ्यांनी तोच चेहरा रोज पाहिलेला असतो, म्हणून त्यांना काही खटकत नाही.

हे मी पुस्तकात वाचलं नाही. माझ्याकडून एक चूक झाली, तेव्हा कळलं.

ऐंशीच्या दशकात तुमचे आजोबा वनखात्यात होते आणि आम्ही मुलचेऱ्याला राहत होतो. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्या वर्षीच ठरवलं होतं की घरातली प्रत्येक मुलगी शिकेल, आणि मी नागपूरला राहून बी.ए. झाले होते. मला नीटनेटकेपणाचा अभिमान होता. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असे, आणि शाळेतल्या मुलींचे सगळे अर्ज मीच भरून देई, कारण माझ्या हातचा अर्ज कधी परत येत नसे.

वसतिगृहात भामरागडच्या पलीकडच्या एका गावची मुलगी होती. माडिया घरातली. बोलायची कमी, पण बोलली की नेमकं. तिच्या डाव्या गालावर गोंदणाचे पाच ठिपके होते आणि उजव्या गालावर एकही नव्हता. सातवीच्या सुट्टीत गावातली म्हातारी तिला गोंदायला बसली. एक गाल झाला, आणि ही उठून पळाली ती थेट नदीवर. म्हातारीने मागून ओरडून सांगितलं, "अर्धी राह्यलीस तं नवराही अर्धाच भेटन!" वसतिगृहातल्या मुली तिला 'अर्धे' म्हणूनच हाक मारत, आणि ती ओ देई.

दहावी पास झाल्यावर तिने मला सांगितलं की तिला नर्स व्हायचंय. का, असं मी विचारलं.

"बाई, पान्याच्या दिवसात नदी भरली का नर्सबाई इकडंच राह्यते. माही वहिनी तीन दिस अडली होती. नर्सबाई नदीच्या त्याच काठची असन तं?"

वहिनी वाचली होती. बाळ वाचलं नव्हतं. तिचा बाप दोन दिवस चालून आणि एक दिवस बसने मुलचेऱ्याला आला. व्हरांड्यात उकिडवा बसून त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. "याच साली पाहतो बाई," तो म्हणाला. "झालं तं झालं. नाई तं घरी पाहुने येऊन बसले हायेत." म्हणजे लग्न. ही एकच संधी होती.

अर्जाला तीन फोटो लागत. मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली निर्वासितांची गावं आहेत. त्यातल्या एका गावात एक दादा फोटो काढत. घराच्या भिंतीला निळी चादर, समोर स्टूल, आणि मागच्या कोंदट खोलीत ते स्वतःच फोटो धूत. मुलीने आयुष्यात कधी फोटो काढला नव्हता. मी तिला माझी फुलाफुलांची साडी नेसवली, केस विंचरून दिले. फोटो छान निघाला. मला तरी छान वाटला.

तिने तो हातात घेतला आणि लगेच परत दिला. "ही मी नाई."

"अगं, तूच आहेस."

"ठिपके भलत्याच गालावर हायेत बाई. अन् तोंडही वाकडं हाय."

सोबत आलेल्या मुली हसायला लागल्या. "अर्धे, तुहं तोंड असंच हाय! आमाले रोज दिसते ना!"

दादांना वाईट वाटलं. "दीदी, हम क्या टिप्पा उठाके इस गाल से उस गाल पर रख दिया?" ते मला म्हणाले. पण मुलगी ऐकेना. वसतिगृहात खिडकीच्या गजाला एक तळहाताएवढा आरसा टांगलेला होता, त्यात सहा जणी आळीपाळीने बघत. एवढ्याशा आरशात जो चेहरा तिने तुकड्यातुकड्याने ओळखला होता, तो हा नव्हता. हा फोटो लावला तर कुणी दुसरीच नर्स होईल, असं ती अगदी गंभीरपणे म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी फार ताणलं नाही. दादांनीही ते पाणी पाहिलं. मग म्हणाले, "ठीक है बेटी. बुधवार को आओ. दूसरा देगा."

बुधवारी दुसरे तीन फोटो आले. तिने पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. "हां. ही मी."

मला काहीतरी वेगळं वाटलं होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. ओळखीची मुलगी जरा अनोळखी दिसत होती. पण मी नीटनेटकी बाई. अर्जावर 'ओळखीची खूण' या रकान्यात मी लिहिलं होतं, डाव्या गालावर गोंदणाचे पाच ठिपके. मी फोटो शेजारी धरून पाहिला. ठिपके डावीकडे होते. आधीच्या फोटोत ते उजवीकडे होते. म्हणजे हाच बरोबर! मी स्वतःवर खूश होऊन फोटो चिकटवले, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि अर्ज पाठवला. आधीचे तीन फोटो पाकिटात घालून पर्समध्ये ठेवले. मी काही टाकत नाही.

जुलैत मुलाखतीचं बोलावणं आलं, चंद्रपूरला. पहाटेच्या बसने आम्ही दोघी निघालो. आष्टीला वैनगंगेच्या पुलावर ती खिडकीतून खाली पाहत म्हणाली, "एवढा पूल आमच्या नदीवर झाला तं नर्सबाईचं कामच नाई." मग स्वतःच हसली. "नाई नाई, काम तं राहीनच."

कचेरीत बाकांवर पन्नासेक मुली बसल्या होत्या. एक कारकून एकेकीला बोलावून कागद तपासत होता. हिची पाळी आली. त्याने अर्ज वाचला, तिच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"मॅडम, इकडं या. हिच्या डाव्या गालावर ठिपके हायेत. बरोबर?"

"बरोबर. तसंच लिहिलंय."

"मंग फोटोतल्या पोरीच्या उजव्या गालावर काऊन हायेत?"

मी फोटोकडे पाहिलं. डावीकडेच तर आहेत, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. फोटोतली मुलगी माझ्याकडे तोंड करून बसली होती. माझ्या डावीकडचा गाल तिचा उजवा होता. वीस वर्षांच्या शिक्षणानंतर मला डावं-उजवं तेव्हा कळलं.

"कोन्या बहिणीचा फोटो लावला?" तो म्हणाला. "मागच्या खेपेले एकीनं थोरल्या बहिणीचं सर्टिफिकेट लावलं, माही नोकरी जात होती. हे असं चालत नाई. बाजूले व्हा."

मी इंग्रजीत बोलायला लागले. राग आला की मी तेव्हा इंग्रजीत बोलत असे. त्याने शांतपणे पुढच्या मुलीचं नाव पुकारलं. अर्ज माझ्या हातचा होता, चूक माझी होती, आणि लग्नाचे पाहुणे घरी बसून होते ते तिच्या.

मुलगी मात्र बाजूला झाली नाही. टेबलाच्या कडेला हात ठेवून तिने विचारलं, "भाऊ, इथी आरसा हाय का?"

"काऊन? पावडर लावतं का?"

मुली हसल्या. पण मुलाखतीच्या खोलीच्या दारात एक सिस्टर उभ्या होत्या. पांढरी साडी, जाड भिंगांचा चष्मा, भारी शरीर. त्या म्हणाल्या, "हात धुवाच्या जागेवर हाय. चाल, दाखव काय दाखवतं ते."

व्हरांड्याच्या टोकाला नळ होता आणि वर डाग पडलेला आरसा. मुलगी आरशासमोर उभी राहिली. सिस्टर तिच्या मागे आणि आम्ही त्यांच्या मागे. "हा फोटो आरशाच्या बाजूले धरा," ती म्हणाली. सिस्टरांनी भिंतीला टेकवून धरला. आरशातल्या मुलीचे ठिपके आणि फोटोतल्या मुलीचे ठिपके एकाच बाजूला होते. तीच भुवई वर, तोच ओठ जरा तिरका.

"मी मले आरशात अशी दिसते, म्हून मीच हा फोटो मांगला. बाईची चुकी नाई."

सिस्टरांनी चष्मा वर केला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. "अन् पदर पाहा हो," त्या कारकुनाला म्हणाल्या. "उजव्या खांद्यावर! आपल्याकडं असा पदर कोन घेते? फोटो उलटा छापला हाय."

साडी माझी, नेसवली मी, पदर लावून पिन टोचली ती मी. आणि मलाच ते दिसलं नव्हतं.

कारकून जरा नरमला, पण अडून राहिला. "खरं असन बाई, तरी उलटा फोटो मी कागदाले ठेवू शकत नाई. सरळ आना."

मी पर्स उघडली. पाकिटात दोनच निघाले. तिसरा मुलींनी काढून कुणाच्या तरी पेटीवर चिकटवला होता, हे नंतर कळलं. सिस्टर म्हणाल्या, दोनावर भागवा, तिसरा टपालाने येईल. कारकुनाने डिंकाची बाटली पुढे केली.

तेव्हा मुलीने हात आडवा घातला. तिने दोन्ही फोटो, सरळ आणि उलटा, टेबलावर शेजारी ठेवले आणि सिस्टरांना विचारलं, "तुमाले या दोघीतली मी कोनती वाटते?"

सिस्टरांनी क्षणभरही न थांबता सरळ फोटोवर बोट ठेवलं. तिने कारकुनाकडे पाहिलं. त्यानेही त्याच फोटोकडे मान हलवली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मीही तोच दाखवला.

ती तो चेहरा बराच वेळ पाहत होती. तिला तो आवडला होता असं मी म्हणणार नाही. नव्या माणसाकडे आपण पाहतो तसं ती पाहत होती. मग म्हणाली, "मंग हाच लावा. पेशंटले हीच दिसन."

सिस्टर मोठ्याने हसल्या. "अर्धी मुलाखत झाली तुही," त्या म्हणाल्या आणि तिला आत घेऊन गेल्या.

तिला जागा मिळाली. बापाने पाहुण्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही; मला मात्र त्याने मोहफुलांची टोपली आणून दिली.

चंद्रपूरहून परतल्यावर बंगाली दादांना मी जाब विचारायला गेले. त्यांनी काही लपवलं नाही. निगेटिव्ह पालथी घातली की फोटो उलटा येतो. "बहुत लोग बोलता है, ये हम नहीं," ते म्हणाले. "उलटा छाप दो तो बोलता है, हां, ये हम. लड़की रो रही थी, दीदी." माझा राग तिथेच गेला. रडणारी मुलगी पाहून मीही डोळे मिटून फोटो चिकटवलेच होते.

त्या रात्री मी माझ्या लग्नानंतरचा फोटो काढून पाहिला. तो मला कधीच आवडला नव्हता. त्यात मी चिडक्या हेडमास्तरणीसारखी दिसते असं मला वाटे. तुमच्या आजोबांना मी विचारलं, "मी अशी दिसते?" त्यांनी पेपरातून मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "मग दुसरी कशी?" पंधरा वर्षं ते रोज त्याच बाईशेजारी जेवत होते आणि त्यांची काही तक्रार नव्हती. त्यानंतर मी फोटोतून पळणं बंद केलं.

तर धाकटे, तू कापलेला चेहरा तुला अनोळखी वाटत असेल. आम्हाला तो एकच माहीत आहे. विमानतळावर आम्ही तोच शोधतो. न कापलेला फोटो पाठव.

ती मुलगी शिकून नदीपलीकडच्या उपकेंद्रात गेली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. नदी भरली की नर्सबाई गावातच असे. उजवा गाल तिने कधी गोंदवून घेतला नाही, आणि नवराही, तिच्या शब्दांत, "पुरा भेटला". वसतिगृह पाडलं, आमचं क्वार्टर पाडलं, दादा आणि सिस्टर दोघेही गेले. तिच्या अक्षरातली जन्मनोंदीची रजिस्टरं उपकेंद्राच्या कपाटात आहेत, आणि त्यांत नोंद असलेली बहुतेक माणसं त्या काठावरच्या गावांत राहतात.