पाण्याचा दिवस आणि वैशालीचं विजेचं गणित

शेजारी इंजिनिअर सून आली की किस्से आपोआप साठतात. त्यात आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी!

गारखेड्यात आमच्या शेजारच्या आक्कांची सून वैशाली कॉलेजात शिकवते आणि एम.ई. करते. कुठल्या तारेतून किती वीज जाईल, हे काढायच्या दोन पद्धती ताडून बघायचं तिचं काम. मी विचारलंच, आधी कुणालाच ठाऊक नसतं व्हय? म्हणाली, आधी अंदाज धरायचा, मग दुरुस्त करत जायचं. म्हटलं, माझ्या भाजीतलं मीठ तसंच.

*

एकदा तिचा प्रोग्राम चालू असतानाच लाइट गेली. आक्का शांतपणे म्हणाल्या, "साऱ्या राज्याची वीज मोजतेस, आपल्या घरातली कुठं गेली तेवढं सांग."

*

तिच्या गाइड सरांनी प्रबंध दोनदा परत केला. तिसऱ्यांदा परत आला तर एम.ई.तून नाव रद्द.

अडचण तिनं मला भिंतीवरून समजावली. गाऊस-सायडेल ही पहिली पद्धत एकेक ठिकाण दुरुस्त करत फेऱ्या मारते, लई हळू. न्यूटन-राफसन ही दुसरी, सगळं एकदम दुरुस्त करते, चार फेऱ्यांत मोकळी. पण सुरुवातीचा अंदाज लांबचा असला की आकडे बेफाम सुटतात. हिचे सुटतच होते. म्हटलं, दमलीस, सोड. म्हणाली, "काकू, उत्तर घेऊनच उठणार."

*

आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड. त्या दिवशी मी दारोदार फिरते: तुमचा नळ अर्धा करा, तुम्ही जरा थांबा. दोन फेऱ्या झाल्या की आक्का फाटकातून एकदाच ओरडतात, "मोटारी बंद!" अन् शेवटच्या घरापर्यंत पाणी जातं. एकदा मी गावाला होते, तर आक्का आधीच ओरडल्या. रागानं सगळ्यांनी मोटारी लावल्या.

हे सांगत होते तर वैशाली भरत आलेली बादली तिथंच ठेवून आत पळाली.

*

व्हायवाला, म्हणजे तिच्या तोंडी परीक्षेला, मी अन् आक्का डबा घेऊन गेलो. दाराशी उभ्या राहिलो, ऐकू येत होतं.

बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी विचारलं, न्यूटनआधी सायडेलच्या दोन फेऱ्या का दिल्या?

"सर, आमच्या गल्लीत पाण्याच्या दिवशी आधी काकू दारोदार फिरतात. मग सासूबाई एकदाच ओरडतात."

सरांनी पान उलटलं. "आणि सासूबाई आधीच ओरडल्या तर?"

आक्कांनी माझा हात घट्ट धरला.

"ते बेफाम सुटलेले आकडे मागच्या पानावर आहेत, सर."