‘इथे’ म्हणजे कुठं?

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी मंद्रूपपासून मोहोळपर्यंतच्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या, हे मी छाती पुढं काढून सांगतो. किराणा, पिठाची गिरणी, दवाखाना, रस्त्यावरचे बाण, सगळं रंगवलं. मग फ्लेक्स आले आणि माझे ब्रश डब्यात वाळून गेले. पण कुठलं अक्षर कामाचं आणि कुठलं बिनकामाचं, ते मला अजून लांबून दिसतं.

माझी सून कडक भाकरी करून विकते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्याबरोबर चार बाया ज्वारीच्या पातळ भाकरी थापतात. पापडासारखी कुडुम मोडणारी भाकरी, महिनाभर टिकते. पण सोलापुरात ती घरोघरी होते, विकत कोण घेणार? बाहेरगावच्यांनी मागवावी म्हणून तिनं साइट करून घेतली. वर्ष झालं तरी मागणी येईना. मोबाईलवर ‘कडक भाकरी’ शोधलं की आमचं नाव चौथ्या पानावर. तिथपर्यंत कोण जातंय?

एका दुपारी ती म्हणाली, “मामा, संक्रांतीपर्यंत वाट बघते. न्हाय जमलं तर चुली बंद. साडीच्या दुकानात काउंटरला बोलावलंय, तितं जाते.”

चौघीजणी ऐकत होत्या. कुणी वर बघितलं नाही, पण थापण्याचा आवाज बारीक झाला. तो आवाज माझ्या डोक्यात बसला.

मी म्हणालो, “दुसऱ्यांच्या साइटवर आपलं नाव कुटं कुटं हाय, ते दाव मला.”

तिनं दाखवलं. मंद्रूपच्या खानावळीच्या पानावर लिहिलेलं, ‘भाकरी हवी असल्यास इथे क्लिक करा.’ त्यातलं ‘इथे’ तेवढं निळं. निळ्या शब्दावर बोट ठेवलं की आमची साइट उघडायची. त्याला लिंक म्हणतात. बचत गटाच्या पानावरही निळं ‘इथे’. पुण्याच्या भटकंती मंडळाच्या पानावर जरा शुद्ध, ‘येथे’.

मला हसू आलं. तरुणपणी मंद्रूपच्या फाट्यावर एका हॉटेलवाल्यानं मला बाण काढून फक्त ‘इकडे’ लिहायला सांगितलं होतं. मी ब्रश खाली ठेवला. म्हटलं, “इकडे काय? चहा इकडे का म्हशी इकडे?” तो चिडला, मी हटलो नाही. शेवटी ‘चहा, भजी आणि सावली’ लिहिलं तेव्हाच गाड्या वळल्या.

सुनेला घेऊन मी साइट करणाऱ्याच्या ऑफिसात गेलो. खुर्चीत फिरत तो म्हणाला, “आजोबा, ‘इथे’ लिहायची पद्धत आहे. माणसं बरोबर दाबतात.”

“माणसं दाबतील हो. पण पानं वर-खाली लावणारं मशीन आंधळं. त्याला कसं कळायचं की तिकडं भाकरी हाय?”

त्याची खुर्ची थांबली. “व्हय की,” तो हळूच म्हणाला, “मशीन त्या निळ्या शब्दांवरनंच ओळखतं.” मग खुर्ची सावरून बसला आणि मला पाणी मागवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी एसटीनं फिरलो. लांबच्यांशी सुनेच्या फोनवरनं बोललो. जिथं जिथं आमची लिंक होती, तिथं ‘इथे’ काढायला लावलं आणि सगळीकडं एकच ओळ घातली, ‘सोलापूरची एक नंबर कडक भाकरी’. पाटीवर मी आयुष्यभर हीच ओळ लिहिली होती. किराणा असो की गिरणी, एक नंबरच. पंधरा दिवसांनी बघितलं तर आम्ही चौथ्या पानावरनं सातव्यावर!

साइटवाला फोनवर पोट धरून हसला. “आजोबा, सगळ्या पोरांचा पेपर शब्दाला शब्द सारखा आला तर मास्तर काय म्हणतील?”

“कॉपी,” मी म्हणालो. फोन ठेवला. चूक माझीच होती. सगळ्यांच्या तोंडात मी माझीच जीभ घातली होती.

सकाळी पुन्हा एसटी. प्रत्येकाला विचारलं, “तुमी गिऱ्हाइकाला ह्या भाकरीला काय म्हणता? बोलता तसंच लिवा.”

मंद्रूपच्या खानावळवाल्यानं लिहिलं, ‘आमच्या ताटातली कडक भाकरी जिथनं येते’. अक्कलकोटकडच्या एका बाईंची कानडी साइट, त्यांनी लिहिलं ‘खडक रोट्टी’, म्हणजे कडक भाकरीच. पुण्याच्या भटकंतीवाल्या ताई म्हणाल्या, “काका, आम्ही तर ‘सॅकमध्ये महिनाभर टिकणारी ज्वारीची भाकरी’ म्हणतो.” म्हटलं, लिवा की! लांबलं तर लांबू दे.

वर चढायला वेळ लागला. पाचवं पान, तिसरं, दुसरं. पहिल्या पानावर काही जाईना आणि संक्रांत तोंडावर आली. सुनेनं साइट बघायचं सोडलं होतं. मी मात्र रोज मोबाईल मागायचो.

भोगीच्या सकाळी चौघीजणी बाजरीच्या भाकरीला तीळ लावत होत्या. सून आत आली. तिनं मोबाईल माझ्या डोळ्यांपुढं धरला. मी चष्मा लावला. कडक भाकरी. पहिलं पान. पहिली ओळ. आमची!

साइट उघडली तर मागण्या आल्या होत्या. नागपूर, बडोदा, आणि एक गाव तर मला नीट वाचताही येईना.

“मामा,” ती म्हणाली, “साडीच्या दुकानाला काय कळवू?”

“कळव की, येतीय म्हणावं. पाच साड्या घ्यायला.”

चौघी हसल्या आणि शेडमध्ये थापण्याचा आवाज असा काही चढला, की शेजारच्यांनी भिंतीवरनं डोकावून विचारलं, “काय झालं ओ?”

मी डब्यातला वाळलेला ब्रश रॉकेलमध्ये भिजत घातला. शेडला अजून पाटी नव्हती.