मंत्रवहीची दुसरी प्रत

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. सोन्याची चारशे सात नाणी. एवढी रक्कम आपल्या जादूगाराच्या थैलीतून गेली कुठे, हे विश्वेशला कळेना. समोर बसलेले व्यासराज याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी चष्मा लावला आणि ताबा दिल्याचा कागद पुढे सरकवला.

व्यासराज जॉर्ज टाउनमध्ये कागदाच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे छत्तीस वर्षं हिशेबनीस होते, मार्चअखेर निवृत्त व्हायचे होते. त्यांची मुलगी रम्या श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर. दर रविवारी दुपारी नुंगंबाक्कमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर ती एक खेळ चालवी. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, गोष्ट रम्याने सांगायची, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. तिच्याच कारखान्यातला, कोल्हापूरहून आलेला विश्वेश त्यात जादूगार होता. त्याला सहा आठवडे रविवारची शिफ्ट लागली तेव्हा रम्या वडिलांना म्हणाली होती, "अप्पा, तेवढे दिवस त्याचा जादूगार तुम्ही सांभाळा."

अप्पांनी तो गोदाम सांभाळावं तसा सांभाळला. नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं. जादूगार एक पायरी वर चढला की दोन नवे मंत्र फुकट मिळतात. बाकीचे कुठे सापडतील तिथून आपल्या वहीत उतरवून घ्यायचे. शाई खास लागते, म्हणून मंत्राच्या दर इयत्तेला पन्नास नाणी आणि दोन तास. जादूसारख्या बेभरवशाच्या धंद्यात इतकं चोख खातं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. एप्रिलपासून हा माणूस घरात बसून माझे डबे मोजणार, ही त्यांच्या बायकोची, तुळसीबाईंची धास्तीही या रविवारांनी कमी झाली होती.

आता विश्वेश परतला होता आणि तिघांपेक्षा जास्त खेळाडू रम्याला झेपत नव्हते. विश्वेश, रंजनी, महेश. झाले तीन.

"उडायचा मंत्र, तिसरी इयत्ता, दीडशे," व्यासराज वाचू लागले. "मेलेल्या जादूगाराच्या वहीतून उतरवला. लोखंडी पेटी, सात. सबंध वहीची नक्कल, आपलेच मंत्र म्हणून इयत्तेला दहाच, अडीचशे."

"नक्कल? काका, वही आहे की माझ्याजवळ."

"एकुलती एक प्रत पिशवीत घालून तुम्ही गुहेत हिंडता. मला झोप येईना."

"अडीचशेत मी पाच नवे मंत्र घेतले असते."

"मामा वाण्याच्या यादीचीसुद्धा झेरॉक्स ठेवतात," रंजनी म्हणाली. ती त्यांची भाची, खेळातली योद्धा.

विश्वेशने सही केली. व्यासराजांनी आपली खुर्ची उचलली, बाल्कनीत नेली आणि पेपर उघडला. तासभर त्यांनी पान उलटलं नाही.

आत दरीच्या काठी आग ओकणारी घोरपड निघाली. रंजनीची योद्धा पाय घसरून खाली पडली. विश्वेशने फासा टाकला. एक आला, म्हणजे सपशेल फसलं.

"पिशवी पेटली," रम्या म्हणाली.

"आणि वही?"

"वही पिशवीतच होती ना?"

सकाळी घोकलेले मंत्र तेवढे जादूगाराच्या डोक्यात उरले. उडायचा त्यांत नव्हता.

विश्वेशने बाल्कनीकडे पाहिलं. "काका, ती नक्कल कुठाय?"

"गावातल्या सराईत ठेवलीय. पेटीत."

"सराई तासाभरावर आहे. जाऊन आणतो."

"आणा की. पेटी दोन सह्यांवर उघडते. एक जादूगाराची, एक त्याच्या कारकुनाची."

"कुठला कारकून?"

रम्याने आपली टिपणं चाळली. तिसऱ्या रविवारी जादूगाराने वेंकोबा नावाचा कारकून नेमला होता, आणि तिनेच हसत हसत त्याला होकार दिला होता.

"अप्पा, हे मुद्दाम केलंत?"

"आमच्या पेढीत एका सहीवर पेटी उघडत नाही. छत्तीस वर्षं उघडली नाही."

"कारकुनाची सही मी करते मग. खेळातली बाकीची माणसं माझीच असतात."

"नमुना सही माझ्याकडे आहे."

"रम्या, बसू दे त्यांना," विश्वेश म्हणाला. "नाहीतर ही दरीतच राहते."

"मी काय, बसलेच आहे," रंजनी म्हणाली. "पाय मोडून."

"चार होतात, महेश," रम्याने शेवटची तक्रार केली. महेश आधीच सरकून जागा करत होता.

"कारकून लढत नाही," खुर्ची आत आणत व्यासराज म्हणाले. "फासेही फारसे टाकणार नाही. तुला जड होणार नाही."

तुळसीबाईंनी कॉफीचा पाचवा टंबलर टेबलावर ठेवला. दोन सह्या झाल्या, पेटी उघडली, जादूगार मंत्र घोकून दरीत उतरला आणि रंजनीला वर घेऊन आला. विश्वेश फासे गोळा करत होता, तेवढ्यात वेंकोबाने बोट वर केलं.

"मूळ वही जळाली. म्हणजे आता हीच एकुलती एक प्रत झाली."

"पुन्हा अडीचशे?" विश्वेशने विचारलं.

"पुढच्या रविवारी बघू," रम्या म्हणाली, आणि आपल्या टिपणांत चौथं नाव लिहिलं.

पेटी सराईत ठेवल्याचं चार आठवड्यांचं भाडं, चांदीची तीन नाणी, सराईच्या मालकिणीला अजून देणं आहे.