खानदानी कुत्रा

नागपूरला बदली झालेल्या गोऱ्या साहेबाने जाताना आपला पांढरा, केसाळ कुत्रा माझ्या वडिलांना दिला, आणि त्या दिवसापासून आमच्या अकोल्याच्या घरात आमच्या घराण्यापेक्षा त्या कुत्र्याचेच घराणे जास्त वेळा सांगितले जाऊ लागले. वडील वकील. आलेल्या प्रत्येक पक्षकाराला ते ऐकवायचे, "खानदानी जात आहे. माणसाला चावायची नाही." मला तो केव्हाच चावून झाला होता. पण ते चावणे नव्हे म्हणे, खेळ होता.

मोर्णा नदीकाठच्या मळ्यातून फुले आणि भाजी घेऊन एक माळीण आमच्याकडे यायची. तिच्यासोबतही कुत्रा असे. उंच, काळा, लमाण्यांच्या तांड्यावरून आणलेला. मळ्यात डुकरे शिरू नयेत म्हणून तिने तो पाळला होता. लमाणी कुत्रा म्हणजे माणसाचे नरडे धरणारा, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होते. याने कुणाचे धरले, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. तो अंगणात पंजांवर तोंड ठेवून बसायचा, आणि मी चोरून पोळी टाकली की शेपटीने अंगण झाडायचा.

अमरावतीची मंडळी मला पाहायला आली त्या दिवशी मुलाचे मामा बाकावर बसले होते आणि बाकाखाली आमचा खानदानी. पाहायला आणलेल्या मुलीने मान वर करायची नाही, विचारल्याशिवाय बोलायचे नाही, हे आईने माझ्याकडून घोटून घेतले होते. म्हणून पोह्यांची ताटली पुढे करताना मी जमिनीकडे पाहत होते. खोलीत एवढी माणसे, पण बाकाखाली पाहणारी मी एकटीच. मामांची टाच शेपटीवर पडली आणि पांढऱ्याने ती टाच कचकन धरली.

मामा ओरडले. ते ऐकून अंगणात माळिणीपाशी बसलेला काळा भुंकत आत धावला, आणि सगळ्यांनी वळून पाहिले तेव्हा त्यांना तोच दिसला.

"लमाणी!" वडील ओरडले. तेवढा एक शब्द पुरला. आमची बैलांची दमणी हाकणारा गडी आणि शेजारचे लोक काठ्या घेऊन आले.

माळीण फुलांची टोपली टाकून दारात आली. "वकीलसाहेब, माह्या कुत्र्यानं नाही केलं जी! तो त आंगणात माह्यापाशी बसून होता. कावून मारून राहिले त्याले?"

वडिलांनी तिला हातानेच गप्प केले. मग ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमी त खालीच पाहून राहिल्या होत्या. तुमी सांगा."

सगळे थांबले. बाकाखाली पांढरा मिशा चाटत होता, त्याच्या हनुवटीच्या केसांना लाल लागले होते. आईचा हात माझ्या खांद्यावर आला आणि हलकेच दाबला गेला. नुसते बोट दाखवले असते तरी भागले असते. मी मान आणखी खाली घातली.

काळ्याला परसात नेऊन मारले. मला फक्त आवाज ऐकू आले. माळीण त्याला गोणपाटात गुंडाळून घेऊन गेली आणि पुन्हा कधी आमच्या दारी आली नाही.

डॉक्टर म्हणाले, कुत्रा जिवंत असता तर बांधून ठेवला असता; पिसाळला नसता तर सुया टळल्या असत्या. मारलात, आता इलाज नाही. मामांनी पोटात सुया घेतल्या. त्यांना चावणारा तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात साजूक तुपाचा शिरा खात होता.

लग्न जमले. सासूबाई शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगत, "पाहायला गेलो तेव्हा केवढा गोंधळ झाला! पण पोरीनं ना मान वर केली, ना तोंड उघडलं. खानदानी मुलगी." लोक कौतुकाने माझ्याकडे पाहत. मला मेल्याहून मेल्यासारखे होई. त्या माळिणीचे डोळे आठवत, आणि लाजेने मान आपोआप खाली जाई.

"पाहा," सासूबाई म्हणत, "अजून तश्शीच आहे."