पट्टीवरचा पाच

माझे काका तेहतीस वर्षं सांडपाण्याच्या पंपघरात होते. निवृत्त झाले तरी त्यांच्या मते जगात दुखणी दोनच: पाणी साचणं, नाहीतर रात्रपाळीवाला झोपणं.

रात्रपाळीची गोष्ट आम्हाला जेवताना हमखास ऐकावी लागे. हौदाच्या भिंतीवर पाण्याची पातळी दाखवणारी आकड्यांची पट्टी होती. ती दर तासाला पाहून रजिस्टरात नोंद करायची. रात्रपाळीवाला खुर्चीतूनच नोंदी ठोकतो, असा काकांना संशय. म्हणून त्यांनी पट्टीवरच्या पाचावर रंग फासला. पठ्ठ्यानं आठ रात्री 'पाच' लिहिलं; पाच गायब आहे, हे एकदाही नाही. "न बघता लिहिणारा सख्ख्या बापालाही फसवेल," असा गोष्टीचा शेवट. काकूला ती तोंडपाठ होती.

काकांचा डावा डोळा लहानपणापासून नावापुरताच. सगळी मदार उजव्यावर. त्यात मोतीबिंदू झाला, तर "पिकू दे, मग काढू," म्हणत या गृहस्थांनी चार वर्षं घालवली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ते असं.

डॉक्टरबाईंनी तपासून कपाळाला हात लावला. "पिकवायचे दिवस गेले, काका. आता ध्वनिलहरींनी मोतीबिंदू आतच फोडून ओढून घेतात. तुमचा दगड झालाय. जितका कडक, तितका जोर जास्त, आणि धक्का बसतो कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या काचेला. तिच्या आतल्या बाजूच्या पेशी काचेत शिरलेलं पाणी बाहेर टाकतात. तुमच्या आधीच कमी आहेत, आणि मेलेल्या परत येत नाहीत."

मी आणि काकू गार पडलो. काकांचा चेहरा मात्र उजळला.

"म्हणजे पंप. स्टँडबाय किती?"

"एकही नाही."

"मग बांधणारा गाढव होता," काका म्हणाले.

पेशी जपायला आत जेल घालून बाईंनी ऑपरेशन निगुतीनं केलं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली, तर काकांना सगळं पांढरं. बाई म्हणाल्या, "कॉर्नियाला सूज आहे. उरलेल्या पेशींवर काम वाढलंय. थेंब घाला, बहुतेक ओसरेल. नाहीच ओसरली तर दुसऱ्याचा कॉर्निया बसवावा लागेल." धुकं सकाळी जास्त असणार, कारण झोपेत पापणी मिटलेली, पाणी उडून जात नाही.

"रात्रपाळी," काका कडवटपणे म्हणाले.

घरी येताच त्यांनी माझ्याकडून पुठ्ठ्यावर पट्टी रंगवून घेतली. वर हातभर एक, खाली मुंगीएवढा दहा. ती पलंगासमोर टांगली. रोज सकाळी उठून बसायचं, कितीपर्यंत दिसतं ते सांगायचं, काकूनं रजिस्टरात लिहायचं. पहिले दोन दिवस 'एक'. तिसऱ्या दिवशी 'दोन'. चौथ्या दिवशी एकदम 'पाच'.

त्याच दिवशी काकांनी चहा कपाशेजारी ओतला. काकूनं टेबल पुसलं. दुपारी तिनं पट्टीवरच्या पाचावर पांढरा कागद चिकटवला.

दुसऱ्या सकाळी काका म्हणाले, "पाच. अगदी ठणठणीत." काकूनं 'पाच' लिहिलं. मग 'पाच', मग 'सहा'. मी चहा घेऊन दारात उभी राहून बघायची. एकजण न बघता सांगतोय, दुसरी सगळं कळून लिहितेय. आधी मला हसू यायचं. पुढे पुढे येईना.

बाराव्या सकाळी काका उठून बसले, तोंड उघडलं आणि थांबले. मान पुढे केली, मागे घेतली.

"अगं, चाराखाली एकदम सहा कसा? पाच कुठे गेला?"

काकूच्या हातातलं पेन खाली पडलं. "आठ दिवस झाले कागद लावून," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

काकांनी पट्टीकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सकाळी उठून बसला असता का?"

काकांनी रजिस्टर मागून घेतलं. नाक कागदाला टेकवून आठ नोंदींवर रेघ मारली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'दिसत नव्हते. भीती वाटत होती.' खाली सही केली.

मग मला म्हणाले, "त्या रात्रपाळीवाल्याचा पत्ता मिळतो का बघ."

"आता कशाला, काका?"

"एवढ्या अंधारात त्या हौदाजवळ एकट्यानं जायचं. त्याला भीती वाटते का, हे मी कधी विचारलंच नाही."